डाव्या बाजूची सीट

— नाई जी, तसा नाई उघडत तो दरवाजा. बाहेरून मूठच नाई त्याले. वरून हात आत घाला, एक दोरी हाये, ते वढा — हां. बसा. पाय लांब करा, पुरे लांब. खुर्चीवानी बसाची गाडी नाई हे, जमिनीवर लोळल्यावानी बसा लागते. त्याच बाजूनं, हो, डाव्या. चालवीन मी. ताईनं सांगतलं असन तुमाले, का तुमी सोता चालवून पाहा म्हनून — सायबाची पोरगी साक्षीताई पुन्यात हाये, इथी मी हावो. बावीस वर्सं झाले, या गाडीले दोनच मानसाचा हात लागला, एक सायबाचा अन् एक माहा. सायेब तर गेले कार्तिकात. मंग राह्यलं कोन? लच्छूच राह्यला ना. फिरवून आनतो तुमाले नाल्यापर्यंत, अन् वापस. बस.

पयलेच सांगून ठेवतो, बादमंदी म्हनू नोका का लच्छूनं सांगतलं नाई — इंजिन तेल पिते. काय? कोरडं? कोरडं म्हंजे काय कोरडं? मांगच्या धुराड्यात बोट घालून तेल लागते का पाह्यलं तुमी? कवा? मी चहा सांगाले घरात गेलो तवा? वा भाऊ. बरे हुशार हा. तुमच्या पयले दोघं आलते, एक नागपूरचा अन् एक हैदराबादचा, गळ्यात चष्मे लटकवून — त्यायले म्हनलो तेल पिते, तर मान हालवली अन् गेले. एकानं बोट नाई घातलं. … नाई, खोटं काऊन बोलन मी? थोडंसं पिते. म्हातारी गाडी हाये, अठ्ठावनची. मी बी म्हातारा झालो, मी बी पितो थोडीशी. आमच्याकडं मोहफूल हाये तर पिनारच ना मानूस. हा वास येऊन राह्यला ना गोड गोड, सडल्यावानी, तोच. चैत लागला का सप्पा गावाले हाच वास.

आयका आवाज. हिच्यासारखा आवाज दुसऱ्या कोन्या गाडीचा नाई या तालुक्यात. दोन कारबोरेटर हायेत, दोघायचा श्वास एक झाला पायजे, नाई तं खोकते. सायेब कानाले रबराची नळी लावून आयके, एक टोक कानात अन् एक कारबोरेटरपाशी, डाक्टर पोट तपासते तसं. मले म्हने, लच्छू, आयक. मी चवथी शिकलेला मानूस, बैलं हाकनारा. पन मले आयकू ये. सायेब माजरीच्या खदानीत मोठे हापिसर होते, गुलाबसायेब म्हनले का सारे ओळखत. बाई वारल्या तं नोकरी सोडली, लहान्या पोरीले घेऊन इथी आले, शेती घेतली अन् सोबत हे आनली — एका लाकूड ठेकेदाराच्या टिनाच्या शेडात पडून होती, कोंबड्या अंडे घालत हिच्यात. हे तुमी बसले ना, तिथीच घालत. चार वर्सं लागले आमाले. इंग्लंडवरून पार्सल ये, एवढासा डबा, त्यात एवढासा नट. सायेब तो नट हातावर घेऊन बसे, लेकरू झाल्यावानी. हेमलकशाले नेली होती एकदा, दवाखान्यात कोनाले पाहाले, जातानी दोन नाले पार केले. गाडीनं नाई कुरकुर केली. सायेब कुरकुरले, मी धक्का मारून राह्यलो होतो अन् ते वरून म्हनत, लच्छू, रंगाले हात नोको लावू.

ए — ए बाप्पा, ढोरं बाजूले घे. रस्ता तुह्या बापाचा हाये का? … पाहा कसा पाहून राह्यला. हिरवी गाडी दिसली का लोकं आजबी उभे राह्यतेत. मले राग येते पाह्यला कोनी तं. काऊन म्हंजे? येते. पयले नव्हता येत.

तिकडं काय पाहता खाली? चटई? हो, ती दुसरी हाये. माह्या बाजूची ओरिजनल हाये, तुमच्या बाजूची नाई. घुग्घुसले तिकडं टरकवाल्यायच्या चटया शिवते एक जन, त्याच्याकडून कापून आनली. रंग नाई जमला, मले बी दिसते. सीटबी तुमच्याच बाजूची धुतेल हाये, कातडं कडक झालं, हो. … सारी गाडी ओरिजनल अन् एवढंच काऊन बदललं, हेच इचारून राह्यले ना? सांगू? आयकून घ्याल? तुमी बसले त्या सीटवर मुर्दा बसला होता.

हां. आता सरकले. सरका, सरकाले जागा नाई तिथी. आता घेता का गाडी? पुन्याले नेऊन मित्रायले दाखवान, पोज देऊन फोटो काढान, अन् बायको बसन त्या सीटवर. आमच्याकडं अशी गाडी कोनी फुकट नाई घेत. मी खरं तेच सांगून राह्यलो, सौदा झाल्यावर कानावर आलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं. आता नोको म्हना, मले राग नाई. ताईले मी सांगतो बराबर का भाऊले पसंत नाई आली.

कोनाचा म्हंजे? सायबाचाच. सायबाले वाघीनीनं मारलं, ताईनं सांगतलंच असन. कार्तिकात, धान कापाले आलं होतं तवा. नाल्यापाशी भेटले, तिसऱ्या दिवशी. अर्धेच भेटले. म्हनून म्हनतो, त्या सीटवर —

काय?

… नाई, बराबर हाये तुमचं. जंगलखात्याच्या गाडीत नेलं त्यायनं सायबाले. पोत्यात बांधून. ताईनं सांगतलं तुमाले? हेबी सांगतलं? मानसानं गाडी इकाची तं गाडीचं सांगाव, बापाचं कायले सांगाव फोनवर. … मंग मी चुकून म्हनलो. सीटवर मुर्दा म्हंजे — जित्तेपनी बसत ना सायेब तिथी, कदी मी चालवो तवा. जो बसे तो मुर्दा झाला, असं म्हनाचं होतं मले. बोलन्याची पद्धत हाये आमची. चटई? चटई उंदरानं खाल्ली. पार्सल नाई मागवलं, सायेब नाई तं कोन मागवन.

हसता काऊन? नाई हसले? मले वाटलं हसले. मंग तसे पाहू नोका माह्याकडं. समोर पाहा.

हे शेवटचं घर. अंगनात मोहफूल वाळत टाकलं हाये पाहा, अन् तिथी बसली ते बुधरी. हात नोका दाखवू. नोका दाखवू म्हनलं ना. झालं. आता पाहीन अर्धा तास. ते म्हातारी ना भाऊ, गोंडाची हाये, या जंगलातलं एकेक जनावर तिले मानसावानी माहीत. ते पयल्या दिवसापासून म्हनून राह्यली का ते वाघीन नाल्याच्या इकडं येतच नाई. दोन पिल्लं होते तिचे, पहाडीवर. पन गाव आयकते का? गाव भडकलं होतं. रोडवर बसले लोकं दोन दिवस. मंग पिंजरा लागला, इंजेक्शन मारलं, टरकात टाकून नेली. पोरायनं फटाके फोडले. मी बी उभा होतो तिथी. तिनं डोये उघडे ठेवले होते, बेहोश होती तरी. मी मांगं गेलो लोकायच्या.

बुधरीनं महिन्याभरानं मले बाजारात गाठलं. मिरच्या इकून राह्यली होती. बाकी काई नाई म्हनली, म्हने, लच्छू, त्या दिवशी मी जोहार केला तं सायबानं हात नाई उचलला.

… हो. गाडीतच. याच गाडीत. याच रस्त्यानं. मी चालवत होतो अन् सायेब त्या सीटवर. दिवेलागन होती. आता काय थांबवून ठेवता मले मधी मधी, आयकाचं हाये ना तुमाले? धुराड्यात बोट घालनारे तुमी, चटई उचलून पाहनारे. मंग आयका पुरं. आजपर्यंत रुखमाले, माह्या बायकोलेबी नाई सांगतलं. अन् मधात बोलले तं मी इथीच गाडी झाडाले मारीन, अठ्ठावनची असो का कोनतीबी.

धान पिकलं का डुक्करं येतेत. तुमाले पुन्यात नाई समजनार. एक कळप आला का एका रात्री वर्सभराचं पीक लोळवून टाकते. मंग आमी काय करतो — सारे करतेत, एकटा मी नाई — विजेच्या लाइनवर आकडा टाकतो अन् वावराच्या धुऱ्याच्या भवताल उघडी तार फिरवतो, टोंगळ्याएवढी, तुमी गुडघा म्हनता तेवढी उंच. पाप हाये, मालूम हाये. म्हनून एक रीत हाये गावाची. ज्याची तार त्यानं ऊन उतरलं का घरोघर सांगाचं, आज माह्याकडं तार चालू हाये, कोनी नोका येऊ. लेकराबाळायले सांगाचं, बहिऱ्याले हातानं धरून सांगाचं. तीस वर्सात एक मानूस नाई मेला आमच्या गावात तारेनं. एक बकरी मेली फकस्त. मीबी सांगतलं त्या दिवशी. सप्पा घरी सांगतलं. बुधरीलेबी.

सायबाले नाई. सायबाले कसा सांगन? कायद्याचा मानूस तो. समजलं असतं तं मले हाकलून देल्लं असतं, अन् पोलिसातबी नेलं असतं सोता, याच गाडीत बसवून. त्याले सांगाची गरजच नव्हती ना, भाऊ. सायेब कदी पैदल नाई आला माह्या वावरात. बंगला ते वावर एक मैल नाई, पन गाडीच काढे. अन् गाडीचा आवाज तं तुमी आयकूनच राह्यले. बंगल्यावर सेल मारला का मले वावरातल्या माचावर आयकू ये. मी आरामात उतरो, बांबूनं आकडा काढो, बिडी पेटवो, मंग सायेब पोचे. पाच वर्सं असंच चाललं. माहा घंटाच होता हा आवाज.

अन् त्याच हप्त्यात सायेब म्हने, लच्छू, गाडी इकतो. डोयात मोतीबिंदू झाला म्हने, ताई म्हनते आता चालवू नोका. मुंबईचा कोनी येनार होता सकाळी. सकाळीच, दुसऱ्या दिवशी. मी कोन बोलनारा? पगारी मानूस. पन बावीस वर्सं, भाऊ. कोंबड्याचा गू मी खरवडला हिच्यातला. मले इचारलंबी नाई. नुसतं सांगतलं, जसं धान इकतो म्हनून सांगतेत. तं माहं डोस्कं गरम झालं. दुपारी सायेब झोपले होते. बोनट उघडलं अन् करंट वाटनाऱ्या डेल्कोच्या टोपनाखालून रोटर काढून घेतला. अंगठ्याएवढा तुकडा रायते, काया रंगाचा. तो काढला का सेल फिरते, फिरते, पन इंजिन नाई उठत. मनात म्हनलं, येऊ दे मुंबईवाल्याले, धक्के मारून जाईन वापस. मंग लावून देईन. एवढंच. याच्या आगं काईच नव्हतं मनात, रुखमाची शपथ.

सायबानं त्याच दिवशी सांजी सेल मारला असन. पाहाले, का सकाळी उठते का नाई. नाई उठली. मंग कोनाले बलावन? मलेच बलावन. फोन लावाले इथी टावर नाई, तुमी पाह्यलंच. तं निघाला पैदल. टार्च घेऊन. मोतीबिंदू झालेला मानूस.

मी माचावर होतो. मले काईच आयकू नाई आलं. आयकू याचं तेच तं मी खिशात घालून बसलो होतो. माचाखालच्या झोपडीतला बल्ब एकदा बारीक झाला अन् पुन्हा मोठा झाला. मले खुशी झाली, भाऊ. खोटं काऊन सांगू. म्हनलं, पडलं डुक्कर. मोठं असन. कुऱ्हाड घेऊनच उतरलो.

…

चप्पल वितळली होती. रबराची होती. पायाले चिकटून होती, काढताबी नाई ये.

मंग काय, पयले बांबूनं आकडा काढला. मंग बसलो. किती टाइम बसलो मालूम नाई, उजेड होता अजून थोडासा. मंग पयत गेलो बंगल्यावर. पयले पोलिसात जाव असंच वाटलं होतं, माना का नोका मानू. बोनट उघडलं, रोटर लावला, सेल मारला. एका सेलमंदी उठली. सायबासाठी नाई उठली अन् माह्यासाठी उठली. अन् तो आवाज आयकला ना, तवा मले भेव वाटलं पयल्यांदा. म्हनलं, हे सांगाचं कसं? तारेचं सांगता येते. तारेनं मानसं मरतेत, पेपरात येते, चार-पाच वर्सं जाते मानूस आत, मंग येते वापस. पन रोटरचं कसं सांगू? ताई इचारन, काका, बाबा पैदल काऊन गेले? लहानपनी शाळेत मी सोडो तिले याच गाडीत, याच सीटवर, तिचे पाय टेकत नव्हते खाली. अजूनबी काकाच म्हनते. मले तुरुंगाचं भेव नाई. मले त्या एका इचारन्याचं भेव हाये.

मंग सायबाले आनून बसवलं इथी. माह्या दुपट्ट्यानं बांधलं सीटले, डोस्कं हालू नये म्हनून. टोपी घातली. गावातून न्या लागलं, दुसरा रस्ता नाई, तुमी पाह्यला. लोकायनं पाह्यलं, सायेब चालले फिराले. जोहार केला. मीच हात उचलला. नाल्यावर ठेवून आलो, पान्याच्या काठाले, वापस येतानी पुरा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी मुंबईवाला आला तसा वापस गेला, अन् सगळ्यायसंगं मीच सायबाले धुंडाले निघालो, पन दोन दिवस इकडं फिरकू नाई देल्लं कोनाले, म्हनलं, सायेब सकाळी पैदल मूल गावाच्या रोडनं गेले, मीच पाह्यलं. तिसऱ्या दिवशी गुराख्याले दिसले. तवापर्यंत जंगलानं त्याचं काम केलं होतं. वाघीन पानी प्याले आली असन बादमंदी, तिचे पंजे उमटले चिखलात. तिनं तोंडबी नसन लावलं. मले इचारान तं डुकरायनंच खाल्लं सायबाले. ज्यायच्यासाठी तार लावली त्यायनंच.

चटई जाळली मी. रबर चिकटलं होतं. पन खाली पत्र्यालेबी लागलं हाये थोडं, अन् सीटच्या लोखंडाले, ते नाई निघत, पालीस कागदानं घासलं तरी नाई निघालं. तुमच्यासारखा मानूस गाडी नेईन तं पुरी उघडन. सीट काढन, रंग काढन, एकेक नट धुवून ठेवन. तुमी त्यातलेच हा, मी पयल्या झटक्यातच ओळखलं. मंग फोन करान ताईले, का हे काय चिकटलं हाये जी? अन् ते इचारन.

मी तुमाले नुसतं भेव दाखवाले सुरुवात केली होती. मुर्दा बसला म्हनलं का जाईन पयून, एवढंच. इतकं बोलाचं नव्हतं मले.

हां, हाच तो नाला. अन् हे टेकाड. इथी थांबवतो. बंद करतो गाडी. … शांत वाटते ना? असंच रायते इथी. नाई, उतरू नोका, उतरून कुठी जाता? सांज होऊन राह्यली. वाघीन नेली, पन तिचे पिल्लं मोठे झाले असन आता. त्यायले शिकार कोनं शिकवली असन, देवाले मालूम. बसा. मी काई नाई करत तुमाले. कुऱ्हाड हाये मांगं डिक्कीत, पन ते लाकडासाठी हाये.

फोन काढा तुमचा. इथी टावर येते, या टेकाडावरच येते, दोन कांड्या. म्हनून तं आनलं इकडं. लावा साक्षीताईले. म्हना, गाडी पसंत नाई आली. तेल पिते म्हना. तुमचंच बोट हाये, तुमीच म्हना, तुमचं मानन ते. मंग मी तुमाले सोडतो मूलच्या स्टँडवर, चहा पाजतो, तुमी तुमच्या गावाले, मी माह्या. याच्या आगं एक शब्द नाई. … लॉक उघडलं ना? द्या, मी लावतो. हा नंबर ना? हिरवं बटन. स्पीकरवर ठेवतो, म्हंजे मलेबी आयकू येते.

वाजून राह्यला.

… हां ताई. लच्छूकाका बोलून राह्यलो. हो, आले ना, कवाचेच आले. जेवन केलं, रुखमानं वांग्याची भाजी केली होती. हो, फिरवून आनली. नाल्याकडं. … नाई वो, आवाज बराबर हाये माहा, हवा हाये इकडं. मी बरा हावो. तू बरी हायेस ना? … हो. हो, बाजूलेच हायेत. बोलतेत तुह्यासंगं.

बोला, भाऊ.

बोला ना.